अन्नवस्त्र आणि वाटा

2025 च्या सप्टेंबरअखेरीस दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर दिव्यांग खेळाडूंची जागतिक मैदानी अजिंक्यपद स्पर्धा भरली. ही स्पर्धा भारतात प्रथमच होत होती. शंभरांहून अधिक देशांचे खेळाडू आले, आणि भारताने 6 सुवर्णांसह 22 पदके मिळवली. या स्पर्धेत आपल्याला इतके यश पूर्वी कधीच मिळाले नव्हते. स्पर्धेचा शुभंकर होता विराज, म्हणजे पायाला धावण्याचे पाते लावलेले हत्तीचे पिल्लू. आता वाचकांनी मनाशीच उत्तर द्यावे की हे नाव त्यांनी यापूर्वी ऐकले होते काय? आपल्या मुलांच्या दप्तरावर, वहीच्या वेष्टनावर, गल्लीतल्या फुगेवाल्याच्या काठीवर हा हत्ती त्यांना कधी दिसला काय? बहुतेकांचे उत्तर काय असेल हे मला ठाऊक आहे. एखाद्या गोष्टीची थट्टा करायला किंवा तिच्यावर चिडायलाही तिच्याकडे आधी पाहावे लागते. आपण पाहिलेच नाही.

याच मैदानावर 1982 साली आशियाई स्पर्धा झाल्या, तेव्हाचा शुभंकरही हत्तीचे पिल्लूच होते. त्या अप्पूला कोण विसरले आहे? रंगीत दूरदर्शन घरोघरी येऊ लागले होते, त्यातून तो आला. खेळण्यांत आला. दोन वर्षांनी दिल्लीत त्याच्या नावाचे अप्पू घर उभे राहिले आणि सुट्टीत दिल्लीला गेलेले मराठी कुटुंब लाल किल्ल्याइतक्याच निष्ठेने तिथेही जाऊ लागले. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला आजही त्याचे चित्र डोळे मिटून काढता येईल. पण त्या अप्पूची पुढची कथा फार थोड्यांना माहीत आहे. ज्या हत्तीला देशाने अप्पू म्हणून ओळखले त्याचे मूळ नाव कुट्टीनारायणन. लहान वयातच एका मैलाटाकीत पाय जाऊन त्याचा पाय मोडला आणि तो पुढे कधीच पुरता बरा झाला नाही. तसाच तो जगला आणि 2005 साली केरळात वारला. ज्या अप्पूवर आपण प्रेम केले तो चार धड पायांवर नाचणारा होता. पाय मोडलेल्या अप्पूची चौकशी आपण केली नाही. त्रेचाळीस वर्षांनी दुसरा हत्ती मोडका पाय उघड मिरवत त्याच मैदानात उतरला, आणि याही वेळी आपल्या नजरेत फरक पडला नाही.

एवढ्याशा बाहुलीवरून सबंध समाजाला पिंजऱ्यात उभे करणे कोणाला अतिरेकाचे वाटेल. परंतु बाहुलीसमोर माणूस जितका खरा वागतो तितका माणसासमोर वागत नाही. पाय नसलेला खेळाडू व्यासपीठावर आला की आपण चेहरा सावरतो, उभे राहतो, टाळ्या वाजवतो, शेजाऱ्याकडे पाहून मान हलवतो. त्याला वाईट वाटू नये, आणि आपण निष्ठुर दिसू नये, अशी दुहेरी काळजी तिथे असते. शुभंकराला वाईट वाटत नाही. म्हणून त्याच्यापुढे सभ्यतेचा अंगरखा गळून पडतो आणि आत काय आहे ते दिसते. कुठे हसू दिसते, कुठे किळस, कुठे नुसती पाठ. शुभंकर हा कोणत्याही स्पर्धेचा सर्वांत हलका, सर्वांत पोरकट भाग. आणि म्हणूनच त्याच्यासंबंधीची लोकप्रतिक्रिया ही समाजाची सर्वांत प्रामाणिक साक्ष आहे.

ही साक्ष केवळ आपल्याविरुद्धच जाते असेही नाही. पॅरालिम्पिकची मुळे 1948 सालच्या इंग्लंडात आहेत. लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी स्टोक मँडेविल रुग्णालयाच्या हिरवळीवर डॉ. लुडविग गुटमान यांनी चाकांच्या खुर्चीत बसलेल्या 16 जणांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. या खेळांना पहिला शुभंकर मिळाला तो 1980 साली, हॉलंडमधल्या आर्नहेम शहरात. मॉस्कोने ऑलिम्पिक भरवले पण पॅरालिम्पिकला नकार दिला, म्हणून ते तिकडे गेले होते. तो शुभंकर म्हणजे खारींची जोडी, दोघीही धडधाकट. पुढे सिडनीचा सरडा, अथेन्सचा समुद्रघोडा, सॉल्ट लेकचे पाणमांजर, बीजिंगची गाय, असे प्राणी येत गेले. सारे गोंडस, आणि ज्या माणसांसाठी ते उभे होते त्यांच्या शरीराचा मागमूसही त्यांच्यावर नाही. मध्येच कोणी धीटपणा करी. 1992 साली बार्सिलोनासाठी हावियेर मारिस्कालने पेत्रा नावाची मुलगी काढली, तिला दोन्ही हात नव्हते. दोन वर्षांनी लिलेहामरने एका पायाचा सोंद्रे नावाचा राक्षसबाळ आणला. पण लगेच पुन्हा झाकपाक सुरू होई. लंडनने 2012 च्या खेळांसाठी मँडेविल हे नाव देऊन त्या जुन्या रुग्णालयाची आठवण पोरांच्या तोंडी आणली, तर लोकांनी त्याच्या एका डोळ्यावरूनच विनोद करण्यात धन्यता मानली.

पॅरिसने 2024 साली क्रांतीच्या लाल टोपीला हातपाय फुटलेले फ्रीज नावाचे जोडशुभंकर आणले. त्यांतल्या पॅरालिम्पिकच्या फ्रीजचा एक पाय म्हणजे धावण्याचे पाते होते. फ्रेंच लोक हसले. पण हसले ते टोपीच्या आकाराला, आणि बाहुल्या चीनमध्ये बनवून आणल्या म्हणून रागावले. पात्यावर हसण्याची गरज त्यांना भासली नाही, हे त्यांच्या श्रेयात मांडले पाहिजे. पण तेवढेच. त्या फ्रीजला स्वतःच्या शहराच्या भुयारी रेल्वेने कुठे जायचे म्हटले असते तर बहुतेक जुन्या स्थानकांच्या जिन्यांपाशीच त्याची यात्रा संपली असती. 2026 च्या हिवाळी पॅरालिम्पिकसाठी इटलीने मिलो नावाचे मुंगसासारखे दिसणारे एक जनावर निवडले. जन्मतःच त्याला एक पाय कमी आहे आणि तो शेपटीचा उपयोग करून चालतो. ही निवड शाळकरी मुलांच्या कल्पनेतून झाली, हे मला महत्त्वाचे वाटते. मोठी माणसे एक पाय कमी असलेले जनावर काढायला कचरली असती.

परक्यांचे परक्यांपाशी. आपण आपल्या घरात येऊ.

देवघरातली मूर्ती हातून पडली, तिचा हात किंवा कान दुखावला, की आपण ती पूजेत ठेवत नाही. खंडित मूर्ती पुजू नये, असे आजीने आईला सांगितले, आईने सुनेला. ती नदीत सोडतात किंवा पिंपळाखाली नेऊन ठेवतात. तिला कोणी शिव्या देत नाही, हात जोडूनच निरोप देतात. फक्त ती घरात नको. हा संस्कार इतका सौम्य आहे की त्यात क्रूरता आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. पण जो देव या घरात सर्वांत आधी पुजला जातो त्याचेच एक नाव एकदंत आहे. त्याचा दात मोडलेला आहे, आणि मूर्तिकाराने चुकून दोन्ही दात पूर्ण घडवले तर भक्तच त्याला मूर्ती परत करतील. सूर्याचा रथ हाकणारा अरुण मांड्यांवाचून जन्मला अशी कथा आहे. म्हणजे पुराणकारांना शरीराच्या उणिवेचे वावडे नव्हते. वावडे आपल्याला आहे. देवाचे व्यंग कथेत चालते, घरातले व्यंग पिंपळाखाली जाते. गेल्या काही वर्षांत गणेशोत्सवात बाहुबलीच्या रूपातला गणपती झाला, सैनिकाच्या वेषातला झाला, बॅट घेतलेलाही झाला. कुबडी घेतलेला गणपती मी तरी पाहिलेला नाही. एखाद्या कार्यकर्त्याने सुचवला, तर मंडळाच्या बैठकीत भावना दुखावल्याची पहिली आरोळी कोण ठोकील हे सांगायला नको. आणि तीच मंडळी उत्सवाच्या चौथ्या दिवशी कृत्रिम पायांचे मोफत वाटप करतील.

या विसंगतीचे मूळ आपल्या धर्मशास्त्रात स्पष्ट लिहिलेले आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध, बहिरे, मुके, वेडसर अशांना वडिलार्जित मालमत्तेच्या वाट्यातून वगळले आहे. आणि लगेच पुढे सांगितले आहे की शहाण्या माणसाने त्यांना अन्नवस्त्र द्यावे, न देणारा पतित होतो. यातल्या पहिल्या आज्ञेपेक्षा दुसरी अधिक भयंकर आहे असे मी म्हणतो. पहिलीत उघड अन्याय आहे, त्याच्याशी भांडता येते. दुसरीने त्या अन्यायाला दयेचे वस्त्र नेसवले आणि घास भरवणाऱ्याला पुण्यवान ठरवले. इंग्रजी अमदानीत 1928 साली कायदा करून ही वारसाबंदी बरीचशी उठवावी लागली, आणि 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने रोग किंवा व्यंग यांवरून कोणाचाही वारसाहक्क जाणार नाही असे पुरते ठरवले. कायदा बदलला, मनातली वाटणी मात्र मनूच्याच काळातली राहिली. अन्नवस्त्र देऊ, वाटा देणार नाही. आपण दिव्यांगांसाठी आजवर जे जे केले त्यावर ही कसोटी लावून पाहावी. चाकांच्या खुर्च्या वाटल्या, पण त्या खुर्चीवरून चढता येईल असा उतार शाळेला बांधला नाही. जिथे बांधला तिथे त्याच्या तोंडाशी कुलूप आहे, किंवा त्यावर दुचाकी उभ्या आहेत, किंवा तो इतका उभा आहे की वरून खाली येणाऱ्याने देवाचे नाव घ्यावे. खुर्चीच्या पाठीवर देणगीदाराचे नाव मात्र ठळक असते.

मुलगी पाहायला पाहुणे येणार असले की मराठी घरात काय चालते ते आठवून पाहा. पोह्यांवर खोबरे भुरभुरले जाते, बैठकीवरची चादर बदलली जाते, आणि घरात एखादा भाऊ नीट चालू न शकणारा असेल, बहीण मतिमंद असेल, तर तिला किंवा त्याला सकाळीच मावशीकडे पोचवले जाते. मावशीचे घर जवळ नसेल तर मागच्या खोलीचे दार ओढून घेतात. आई आत जाऊन हलकेच सांगते, थोडा वेळ आवाज करू नकोस हं, राजा. तिच्या मायेविषयी मला शंका नाही. त्या पोराला आजवर जगवले तिनेच. पण ती ज्या हिशेबाने दार लावते तो हिशेब आपण सर्वांनी मिळून तिच्या हाती दिला आहे. घराण्यात काही व्यंग नाही ना, असे विचारणारे आपणच आहोत. आणि पुढे स्थळ मोडले तर दोष त्या पोराच्या पायाला लागतो, विचारणाऱ्याच्या जिभेला लागत नाही. ज्या घरात सख्ख्या भावाला पाहुण्यांसमोर बसता येत नाही, त्या घरातल्या मुलांना पात्याचा पाय लावलेला हत्ती आपला वाटेल कसा? 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात जवळजवळ 30 लाख दिव्यांग नोंदले गेले. आपल्या सणसमारंभांत, नाट्यगृहांत, बसमध्ये ते किती दिसतात? उरलेले कुठे आहेत याचे उत्तर त्या ओढून घेतलेल्या दारामागे आहे.

दिसले, तर आपण हसतो. आपल्या गावोगावच्या टोपणनावांची यादी करून पाहा, त्यांतली निम्मी कोणाच्या तरी डोळ्यावरून, पायावरून, बोलण्यावरून पडलेली निघतील. जनकाच्या सभेत अष्टावक्र आला तेव्हा पंडित त्याच्या वाकड्या अंगाला हसले, ही कथा आपण कीर्तनांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकली. त्याने दिलेले उत्तर आपल्याला फार आवडते: तुम्ही सारे चर्मकार दिसता, कातडे पाहून पारख करता. सभा खजील झाली, श्रोते माना डोलावतात, आणि कोणाच्याही ध्यानात येत नाही की एका अपमानाचे परिमार्जन करण्यासाठी या कथेने दुसऱ्या कष्टकरी जातीचा अपमान वापरला आहे. आपली करुणासुद्धा कोणाला तरी खाली ढकलल्याशिवाय उभी राहत नाही. हे हसू जुने झाले असे मानण्याचे कारण नाही. 2024 च्या जुलैमध्ये निवृत्त खेळाडूंची एक स्पर्धा जिंकल्यावर आपल्या काही माजी क्रिकेटपटूंनी एका गाण्यावर लंगडत, वाकत चालण्याची ध्वनिचित्रफीत केली आणि देशभर ती मिटक्या मारत पाहिली गेली. तिला जाहीरपणे आक्षेप घेणाऱ्यांत मानसी जोशी होत्या. 2011 च्या अपघातात एक पाय गमावून 2019 साली बॅडमिंटनच्या जगज्जेत्या झालेल्या या खेळाडूच्या रूपाची बार्बी बाहुली 2020 साली तयार झाली होती. बाहुली झाली याचे आपण कौतुक केले. तिच्यासारख्या चालण्याची नक्कल झाली तेव्हा, एवढे काय मनाला लावून घ्यायचे, असे तिलाच सांगणारेही आपल्यातलेच होते. क्रिकेटपटूंनी पुढे माफी मागितली. आपण, पाहून हसणाऱ्यांनी, मागितली नाही. योगायोग असा की त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने चित्रपटांतील दिव्यांगांच्या चित्रणाविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. दिव्यांगत्व समजावून देणारा विनोद वेगळा आणि दिव्यांगाला हिणवणारा विनोद वेगळा, असा भेद त्यांत केला आहे. जो भेद घरातल्या वडीलधाऱ्यांनी शिकवायचा तो न्यायालयाने लिहून द्यावा लागला.

आणि जेव्हा आपण हसत नाही तेव्हा भारावतो. हे भारावणे मला हसण्याइतकेच संशयास्पद वाटते, कारण तेही अन्नवस्त्राच्याच जातीचे आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले, आणि 1972 साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला 50 मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी भारताला पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. ही बातमी महाराष्ट्राच्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर असायला हवी होती. त्यांना पद्मश्री मिळाली 2018 साली. अर्जुन जीवनगौरव पुरस्कार मिळाला 2025 च्या जानेवारीत, म्हणजे पदकानंतर 52 वर्षांनी. आणि तोही त्यांच्यावर हिंदी चित्रपट निघून तो गाजल्यावर. चित्रपट पाहताना आपण रडलो. अर्धशतक आपण कुठे होतो, हा प्रश्न मध्यंतरात कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. त्याच जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारींनी पॅरिसला 16.32 मीटर गोळा फेकून रौप्यपदक आणले. तेव्हा आपले वाक्य तयारच होते: हात नीट नसताना हा एवढे करतो, मग आपल्याला काय धाड भरली आहे? म्हणजे त्याचा गोळा कुठे पडला याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. त्याचे आयुष्य आपल्या आळसावरचा उतारा म्हणून उपयोगी आहे. गोळाफेक ही कला आहे, तिच्यात मनगट, कंबर, पाय यांचा हिशेब असतो, पल्ल्याची चढाओढ असते. कुस्तीत कोणता डाव कसा लागला यावर रात्र रात्र वाद घालणारा आमचा सांगलीकर या गोळाफेकीवर पाच मिनिटे तरी वाद घालतो काय? ज्या दिवशी तो, अमक्याने यंदा खराब फेकला, तयारी कमी पडली, असे चिडून म्हणेल, त्या दिवशी खिलारींना खेळाडू म्हणून त्यांचा वाटा मिळू लागला असे मी समजेन.

यावर मंडळी म्हणतील, समाज हळूहळू बदलतो, घाई कशाला? हळूहळू हा शब्द नेहमी तोच उच्चारतो ज्याला जिना चढता येतो. पण बदल होतो, याविषयी मला तिळमात्र शंका नाही, आणि तो मराठी माणसाने स्वतःच्या हाताने करून दाखवला आहे. विधवेचे केशवपन हा धर्म आहे असे आपले पणजोबा शपथेवर सांगत. आज त्यांच्या पणतूला ते वाचूनही शहारे येतात. महारोग्याची सावली टाळणाऱ्या लोकांच्या डोळ्यांदेखत बाबा आमट्यांनी आनंदवनात त्याच महारोग्यांच्या बोटे झडलेल्या हातांनी शेती उभी केली, आणि आज तिथे सहली जातात. गोव्यात 2023 पासून पर्पल फेस्ट भरतो, त्यात दिव्यांग गातात, नाचतात, खेळतात, समुद्रावर जातात, आणि प्रेक्षकांत दोन्ही प्रकारची माणसे एकाच रांगेत बसतात. यांतले काहीही आकाशातून पडले नाही. कोणीतरी पहिल्यांदा दार उघडले, शेजाऱ्यांनी नावे ठेवली, मग शेजाऱ्यांनीही उघडले.

म्हणून वाचकहो, मोठ्या गोष्टी सरकारवर आणि न्यायालयावर सोडा. सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता याव्यात यासाठी ऐच्छिक नव्हे तर बंधनकारक नियम करा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारला बजावले आहे. ते होते की नाही यावर लक्ष ठेवा, नाही झाले तर विचारा. पण जे कोणत्याही नियमाने होणार नाही ते तुमच्या हातात आहे. तुमच्या सोसायटीच्या उताराचे कुलूप कोणाकडे आहे ते आज संध्याकाळी शोधून काढा. तुमच्या मंडळाच्या क्रीडास्पर्धेत चाकांच्या खुर्चीची शर्यत ठेवा आणि तिला उत्तेजनार्थ बक्षीस न देता खरे बक्षीस द्या, इतरांइतक्याच रकमेचे. मुलाने एका पायाच्या प्राण्याचे चित्र काढले तर दुसरा पाय काढायला लावू नका. आणि यंदाच्या लग्नसराईत पाहुणे मुलगी पाहायला येतील तेव्हा तिच्या त्या भावाला धुतलेला सदरा घालून बैठकीत, वडिलांच्या शेजारी बसवा. हा आमचा मोठा मुलगा, अशी त्याची ओळख पहिल्यांदा करून द्या. त्यावरून जे उठून जातील त्यांना खुशाल जाऊ द्या.